पिऊन झाल्यावर तीन टाळ्या

मेरेओनी वासितीला 'नेई' म्हणायची, म्हणजे मावशी. फिजीच्या राजधानीत, सुवातल्या त्या दोघींच्या वर्तमानपत्रात थोरल्या बायकांना सगळ्याच पोरी तसं म्हणत, पण मेरेओनीच्या तोंडून ते ऐकलं की वासितीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोट्या बातम्या पकडण्यात वासितीने बारा वर्षं घालवली, आणि संपादक हल्ली प्रत्येक संशयास्पद व्हिडिओ आधी त्या पोरीच्या टेबलावर पाठवत.

एकदा मात्र खोटे व्हिडिओ ओळखणारा पोरीचा प्रोग्रॅम तोंडावर आपटला. एका गावप्रमुखाने यंगोना पिण्याच्या पारंपरिक बैठकीत गावची जमीन हॉटेलवाल्यांना देऊन टाकल्याचा व्हिडिओ आला. प्रोग्रॅमने तो खरा ठरवला. वासितीने एकदाच पाहिला आणि हसली. यंगोनाची करवंटी हाती घेण्याआधी एक टाळी, रिकामी केल्यावर तीन, ही रीत; हा एआयचा गडी पिऊन एकच टाळी वाजवून मोकळा झाला होता. असा प्रमुख फिजीत अजून जन्मायचा होता.

"कमाल केलीत, नेई," मेरेओनी म्हणाली. "पण कसं पकडलं ते छापू नका. हे व्हिडिओ बनवणारे आपलंच वाचून सुधारतात. पापण्या लवत नाहीत असं आपण लिहिलं, तर महिन्याभरात लवायला लागल्या."

"माझं नाव छापून आलं की तुझ्या पोटात दुखतं, असं सरळ म्हण ना."

खरं कुणाच्या पोटात दुखत होतं, ते वासितीला ठाऊक होतं. तरी तिने लिहिलंच, स्वतःच्या फोटोसकट, टाळ्या मोजून.

तीन आठवड्यांनी नवा व्हिडिओ आला. या वेळी प्रमुख होता तिचा सख्खा मामा. पापण्या लवत होत्या, बोटं पाच होती. एक टाळी, करवंटी, मग सावकाश तीन टाळ्या. जमीन दिली, असं तो म्हणत होता.

मामाचा फोन आला. "पोरी, अख्खं गाव माझ्या दारात बसलंय. तुझाच लेख दाखवतायत मला. टाळ्या बरोबर आहेत म्हणे. सांग ना त्यांना, मी नाही तो."

वासितीने सकाळभर तो व्हिडिओ पाहिला. काही सापडेना. शेवटी उठली आणि मेरेओनीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "बघ गं जरा," एवढंच बोलली.

तासाभराने मेरेओनीने मान वर केली. "सापडलं, नेई. पक्कं खोटं आहे. संपादकांना पुरावा दाखवलाय, उद्या 'व्हिडिओ खोटा' एवढंच छापतोय."

"काय सापडलं?"

मेरेओनीने स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली. "रागावू नका. ते तुम्हालाही नाही सांगणार."

मामा सुटला होता. वासितीने डोळे पुसले, त्याला फोन लावला, आणि बोलताना तिची नजर त्या वळवलेल्या स्क्रीनवरून हटेना.