मी होतो तवर

...मोहरीएवढा पांढरा ठिपका, बटणाच्या शेजारचा. तो आता हळूहळू उजळत होता, विझत होता, पुन्हा उजळत होता, आणि त्यावरूनच राजेश्रीला कळलं की लॅपटॉप परत झोपला. पडदा काळा. त्या काळ्यात तिचाच चेहरा, तोंड अर्धवट उघडं – कारण ती बोलत होती, तिला काम देणाऱ्या पुण्याच्या मॅडमना व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघराचं चित्र फिरवून दाखवत होती, वरचं कपाट इकडे घेतलं तर खिडकी मोकळी राहते असं काहीतरी – आणि ते वाक्य तसंच तोंडात राहिलं.

तिनं बटण दाबलं. पंखे घरघरले, कीबोर्डखालचा लाल उजेड परत आला, काही झालंच नव्हतं अशा थाटात चित्र समोर उभं राहिलं. मॅडम मात्र निघून गेल्या होत्या. थोड्या वेळानं फोनवर त्यांचा निरोप आला : हे रोजचंच झालंय, गिऱ्हाइकासमोर असं चालत नाही, सोमवारपर्यंत बघ, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल.

बघ... काय बघू? बघण्यासारखं सगळं बघून झालं होतं. शिवाय लॅपटॉप तिचा नव्हताच. तो महारुद्राचा, तिच्या धाकट्या भावाचा – पूर्णा जंक्शनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन असलेल्या, ड्युटी संपली की मित्रांची टोळी जमवून ऑनलाइन लढाया खेळणाऱ्या भावाचा. ती सेलूचं सासर सोडून आली आणि घरी बसून घरांच्या अंतर्गत सजावटीच्या चित्रांचं काम मिळालं, तेव्हा त्या कामाला असलाच दणकट लॅपटॉप लागतो हे कळल्यावर त्यानं तो तिच्यासमोर आणून ठेवला होता. "वापर," एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून तो खेळला नव्हता. मध्ये एकदा, कसलीशी स्पर्धा होती म्हणून, एका दिवसासाठी मागितला, आणि तिनं दिलाही – पण कपाळाला आठी घालून, काम अडलंय हे दोनदा ऐकवून. त्यानंतरच हे झोपणं सुरू झालं. त्यानंतरच. ही गोष्ट तिनं मनात घट्ट धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी करून आलेला महारुद्र तोंडही न धुता खुर्चीत बसला. आई – केशरबाई – चहा ठेवून गेली, तो निवला. त्यानं पडद्यावरची एकेक खिडकी उघडून पाहिली, पंख्याची जाळी फुंकून साफ केली, मग मुद्दाम एक खेळ लावून बराच वेळ खेळत राहिला. राजेश्री मागे उभी होती. झोप, ती मनात म्हणत होती. आता झोप, याच्यासमोर एकदा तरी झोप.

"सेटिंग समद्या बराबर हायेत ताई," तो म्हणाला. "झाकण मिटल्याबिगर झोपायचंच न्हाई, असं ठिवलंय. गरम बी होईना गेलाय. मी बसलो की काईच होत न्हाई बघ. तूच काई दाबायलीस का?"

तूच. तिच्या कानशिलात काहीतरी तडकलं.

"मीच करायले व्हय? तुला परत पायजे ना हा? मग तोंडानं माग की. आतून असलं काहीबाही करून ठिवायचं, अन् वर मलाच इचारायचं..."

"मी कामून करीन ताई?"

"कामून करशील ते तुझं तुला ठाव."

"राजे, तोंड आवर," केशरबाई दारातून म्हणाली. "रातभर जागून आलंय लेकरू."

महारुद्र उठला, आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. त्याच्या त्या न बोलण्याचाच तिला जास्त राग आला. उलट बोलला असता तर बरं झालं असतं, त्याच्या बोलण्यात कुठेतरी बोट ठेवता आलं असतं...

सेलूलाही बोट ठेवायला जागा नव्हती. तिचा नवरा गोपीचंद कधी हात उगारत नव्हता. घरात दोघंच असली की तो ती नाहीच असं वागायचा : ती वाचत असताना दिवा घालवून निघून जायचा, ती ताट घेऊन बसली की उठायचा, आठवडेच्या आठवडे एक शब्द नाही. आणि दाराची कडी वाजली की हसरा, मोकळा – "राजेश्रीच्या हातचा चहा घेतल्याबिगर सोडणार न्हाई तुमाला." कुणाला काय दाखवायचं? आई म्हणाली होती, तूच काही लावून बोलत असशील त्याला. शेवटी महारुद्राला तिनं मुद्दाम राहायला बोलावलं. गोपीचंदनं त्याला बाजार हिंडवला, जिलबी आणली, तिच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढली. आणि निघताना बसस्टँडवर महारुद्र खाली मान घालून म्हणाला, "मी होतो तवर तर काई झालं न्हाई, ताई."

खरं तेच तो बोलला होता. ते खरं होतं म्हणूनच तिला ते आजवर गिळता आलं नव्हतं. पुढे एकदा तिनं फोन करून, मला घेऊन जा, म्हटलं, तेव्हा एक प्रश्न न विचारता तो ड्युटीच्या कपड्यांवर आला, तिच्या बॅगा उचलून गाडीत ठेवल्या – हे मात्र तिनं कधी त्याच्या पारड्यात घातलं नव्हतं. विश्वास न ठेवता आणलं मला. आणलं, पण विश्वास न ठेवता.

तिनं भांडी घासली, हात पुसले आणि हट्टानं पुन्हा कामाला बसली. सोमवार जवळ होता. कपाटं, फडताळं, खिडकी... लॅपटॉप चालत राहिला. बाहेर मालगाडी लांबत गेली, संपली. आज हा झोपत कसा नाही? ती वाट बघायला लागली, आणि आपण वाट बघतोय हे कळूनही थांबली नाही.

"हे मोरीतच ठिवून आलीस," केशरबाई म्हणाली. तिच्या हातात राजेश्रीचं काळ्या मण्यांचं चुंबकाचं कडं होतं. मागं मंगल कार्यालयात लागलेल्या शिबिरातून तिनंच ते लेकीच्या डोकेदुखीवर आणलं होतं. "सारखं काढू नको, गुण येत न्हाई मंग." आणि तिनं ते लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवलं, जिथे काम करताना राजेश्रीचं डावं मनगट टेकलेलं असे.

पडदा काळा झाला.

आई तोवर चुलीकडे वळली होती. राजेश्रीनं कडं उचललं, बटण दाबलं – उजेड. कडं टेकवलं – काळोख. उचललं. टेकवलं. मग फोनवर शोधलं, आणि पहिल्याच उत्तरात सगळं होतं : झाकणात चुंबक असतो, तो खाली टेकला की यंत्राला कळतं, मिटलं, दुसरा कुठला चुंबक तिथं आला तरी त्याला तसंच वाटतं. शिबिर झालं तेही त्या स्पर्धेच्याच सुमारास. तिच्या एवढ्या दिवसांच्या हिशेबात ते कधी आलंच नव्हतं.

म्हणजे मीच. या वेळी खरोखरच मी.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. सगळे जे म्हणत आले ते इथे अक्षरशः खरं निघालं होतं. ठीक आहे, हे यंत्र आहे; तो माणूस होता, दिवा घालवताना तो माझ्याकडे बघून घालवायचा, मी पाहिलंय... पाहिलंय ना? की माझ्याही नकळत माझ्या असण्यातच असं काही होतं, की मी जवळ गेले की तो माणूस मिटायचा? आणि इतरांसमोर तो तसा होता, ते नाटक नव्हतंच? नाही. नाही... पण 'नाही' म्हणणारा आवाज सकाळी भावावर ओरडलेलाच होता. तेवढ्याच खात्रीचा.

महारुद्र उठून दारात उभा होता. डोळे लाल, झोप झालेली नव्हती. "आज रेस्ट हाय मला," तो म्हणाला. "परभणीला दाखवून आणतो हा. उघडून बघू द्या त्यांना एकदा."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिनं तोंडही उघडलं. पण त्या वाक्यानंतर दुसरं सांगावं लागलं असतं, सकाळचं. आणि त्याच्यामागं उभी असलेली आणखी कितीतरी... आणि तो चिडणार नव्हता. नुसतं "हां का?" म्हणाला असता, कदाचित हसलाही असता. ते तिला सोसवलं नसतं.

"जा," ती म्हणाली, आणि चार्जरची वायर नीट गुंडाळून तिनंच त्याच्या पिशवीत घातली.

मोटारसायकलचा आवाज स्टेशनच्या बाजूनं विरत गेला. दुकानातला माणूस लॅपटॉप उघडेल, मिटेल, तासभर चालवून बघेल. संध्याकाळी महारुद्र परत येईल, खाली मान घालून सांगेल की तिथं काही झालं नाही. आणि ती पुन्हा तिथंच जाऊन बसेल जिथं तिला बसता येतं : जिचं कुणाला खरं वाटत नाही अशी बाई म्हणून. त्या जागेचा कानाकोपरा ओळखीचा होता. तिथं आपण बरोबर आहोत की चूक, हे कधी तपासावं लागत नव्हतं.

केशरबाईनं हाक मारली. राजेश्री पाटावर बसली, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला. सासर सोडल्यापासून जेवण तिच्या घशाखाली उतरत नसे, आईला चार वेळा म्हणावं लागे. आज तिनं एक भाकरी संपवली आणि न विचारता दुसरी घेतली. आई समाधानानं बघत होती. राजेश्री मान वर न करता खात राहिली, आणि खरं दडवून आपल्याला एवढी भूक कशी लागली, या विचारानं तिला हळूहळू भीती वाटायला लागली.