‘खाली’चा रकाना

मजला ३८

"काका, एवढं मोजताय काय? पावलं?"

"मजले."

"मग लिफ्ट लावा की!"

गटातल्या कॅशियरबाई स्वतःच्याच विनोदावर हसल्या आणि हसता हसता धाप लागून दगडावर बसल्या. तोही हसला. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यावर माणसाला हा विनोद नवा राहत नाही.

वाटाड्याच्या मनगटावरच्या घड्याळात उंची दिसायची. दर थांब्याला तो वाटाड्याला ती विचारायचा आणि तीनने भागायचा. मुक्कामाच्या झोपडीपासून शिखरापर्यंत नऊशे मीटर, म्हणजे तीनशे मजले. नोकरीत त्याने लिफ्टच्या शाफ्टमधून चढलेली सर्वांत उंच इमारत बावीस मजल्यांची.

"घाबरायचं काही कारण नाही," वाटाड्या पाणी पिऊन म्हणाला. "नवशिक्यांचा डोंगर आहे हा. दोर नाही, कडा नाही. दोनच गोष्टी पाळायच्या. एक, हळू चालायचं. दोन, एक वाजला की जिथं असाल तिथून मागं फिरायचं. शिखर दहा पावलांवर असलं तरी मागं. दुपारनंतर ढग चढतो, मग स्वतःचा हात दिसत नाही."

‘नवशिक्यांचा’ हा शब्द त्याने आधीही ऐकला होता. पुष्कळदा.

तळमजला

दोन वर्षांपूर्वी, भेटायला आलेल्यांपैकी एकाने चपला घालता घालता दुसऱ्याला विचारलं होतं, "त्या डोंगरावर? अहो, तिथं तर शाळेची पोरं जातात!"

हळूच विचारलं होतं. पण जिना रिकामा असला की आवाज वर येतो.

मजला ७१

त्याची मुलगी. लहानपणी हडकुळी, डोकं तेवढं मोठं, म्हणून तो तिला तेरा नंबर म्हणायचा. तेरा नंबरचा पाना तसाच दिसतो. रविवारी तातडीचं काम निघालं की ती हट्टाने बरोबर यायची. मोठी झाल्यावर त्याच कंपनीत लागली. शाफ्टमध्ये उतरणारी पहिली मुलगी.

"लोकांना दुसऱ्या मजल्यावर सोडण्यात जन्म गेला तुमचा," ती म्हणायची. "एकदा तरी कुठे वर जाऊन या."

"वर काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर जायचं."

शेवटी तीच गेली. तीन मैत्रिणींबरोबर. सकाळी झोपडीतून आईला फोन केला, "वर पोचले की फोन करते." मैत्रिणी खिंडीतून परतल्या, एकीला उलट्या होत होत्या. ही म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी हात लावून आलेच. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या वरच्या सुट्या दगडांच्या घसाऱ्यात सापडली, वाटेपासून थोडी बाजूला. वर जाताना घसरली की परत येताना, ते कुणालाच सांगता आलं नाही.

फोन आला नव्हता.

"पोचली असती तर केला असता," त्याची बायको म्हणायची. पहिल्या महिन्यात रडत म्हणायची. मग भांडी पुसताना, कपड्यांच्या घड्या घालताना, बसची वाट बघताना. "अर्ध्यातच राहिलं हो पोरीचं."

मग मुलीच्या एका मैत्रिणीने सहज सांगितलं की शिखरावर पत्र्याची पेटी असते, तिच्यात वही असते, आणि पोचलेला माणूस वहीत नाव लिहितो.

तो एकसष्ट वर्षांचा होता. त्याने चार महिने घराचा जिना चढला-उतरला, पाठीवर अवजारांची पिशवी घेऊन. बायकोने कारण विचारलं नाही. फक्त एक दिवस पिशवीच्या पट्ट्यांना आतून जुन्या चादरीचं कापड शिवून ठेवलं.

मजला १९०. खिंड.

कॅशियरबाईंचं डोकं ठणकायला लागलं होतं. त्या इथेच थांबणार होत्या, खाली परतणाऱ्या एका गटाबरोबर जाणार होत्या.

"नवऱ्याला सांगून आले होते, शिखरावरचा फोटो भिंतीला लावेन," त्या म्हणाल्या. "आता खिंडीचाच लावते. त्याला काय कळतंय!" मग त्यांनी आपली काठी त्याच्या हातात दिली. "घ्या. मजले मोजायला."

पावणेअकरा झाले होते.

मजला २५८

हळूहळूचं फारच हळू झालं. वीस पावलं, थांबा. पंधरा पावलं, थांबा. घसाऱ्यावर पाय टाकला की दगड वाळूसारखे सरकायचे. दोन पावलं वर, एक खाली.

एका ठिकाणी वाटाड्या त्याच्या उजव्या बाजूला येऊन चालायला लागला. उजवीकडे उतार होता.

"इथंच का?" त्याने विचारलं.

वाटाड्या थांबला. "तुम्ही... ती लिफ्टवाली?"

"माझी मुलगी."

"मी होतो शोधायला. काल सांगायचं होतंत, काका."

"मग आणलं असतंत?"

वाटाड्याने घड्याळ पाहिलं. "बारा दहा. चाळीसेक मजले राहिलेत तुमचे. नाही व्हायचं. फिरूया."

"एक वाजलाय का?"

"नाही."

"मग चला."

मजला २७४
मजला २८१
मजला २८२
मजला २८३

मजला ३००

बारा एकावन्न.

वर खरंच काही नव्हतं. दगडांची रास, वारा, चारी बाजूंना खाली गेलेली जमीन. वाटाड्याने राशीतले दोन दगड हलवले आणि पत्र्याची पेटी काढली. तिच्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या वह्या होत्या.

"नऊ मिनिटं," तो म्हणाला. "मग उचलून नेईन."

हातमोजे काढल्यावर बोटं काम करेनात. त्याने ती काखेत धरली. पहिली वही या वर्षाची. दुसरी गेल्या वर्षाची. तिसरी. ‘भारी!!’ ‘पाय गेले, पण आलो.’ ‘लग्न करशील का? – हो म्हणाली.’ बदामाची चित्रं. कुणीतरी आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलेलं. तारखा मागेपुढे झालेल्या. एक पान ओलं होऊन दुसऱ्याला चिकटलं होतं, ते त्याने नखाने सोडवलं.

त्या पानावर एकही बदाम नव्हता. पानभर सरळ रेघा होत्या, हाताने मारलेल्या पण ओळंब्यात असाव्यात तशा.

तारीख. नाव.
वर: ११.४०
खाली:

पूर्ण नाव लिहिलं होतं. आधी तिचं, मधे त्याचं. म्हणजे तोही दोन वर्षं इथेच होता, पेटीत, पावसात.

‘खाली’च्या पुढे चौकोन आखलेला होता. चौकोन रिकामा होता.

तळमजला

त्यांच्या कामात एक वही असते. ती तळमजल्यावर असते, रखवालदाराजवळ. शाफ्टमध्ये चढण्याआधी माणूस ‘वर’च्या रकान्यात वेळ लिहितो. उतरला की ‘खाली’च्या रकान्यात. ‘खाली’चा रकाना रिकामा असेल तर मेन स्विचला कुणी हात लावायचा नाही, मालकाने सांगितलं तरी नाही. कारण वर माणूस आहे.

तेरा नंबर आठ वर्षांची असताना एकदा त्याने घाईत दोन्ही वेळा आधीच लिहून टाकल्या होत्या. तिने ते पाहिलं आणि ती रखवालदाराच्या खुर्चीवर चढली. तो उतरेपर्यंत स्विचवर दोन्ही हात ठेवून उभी होती.

मजला ३००

तो हसायला लागला.

"काका?" वाटाड्या घाईने जवळ आला. "डोकं दुखतंय का? माझ्याकडे बघा. बोटं किती?"

"वही खाली असते गं वेडाबाई," तो पानाला म्हणाला. "वर ठेवलेल्या वहीत ‘खाली’ कधी लिहिणार होतीस? परत चढून?"

हसणं थांबायला वेळ लागला. डोळे पुसायला हातमोजा घ्यावा लागला.

मग त्याने पेन मागितलं. तिच्या नोंदीखाली रेघ मारली. ती तिच्या रेघांइतकी सरळ आली नाही. तारीख लिहिली, नाव लिहिलं. वर: १२.५१. आणि ‘खाली’ लिहून पुढे चौकोन काढला.

"टाका की वेळ," वाटाड्या म्हणाला. "एक टाका. निघतोच आहोत."

"निघालो म्हणजे उतरलो नव्हे."

"अहो, पण वही इथंच राहणार."

"राहू दे."

वाटाड्याने पानाकडे पाहिलं. एकाखाली एक दोन चौकोन. "तिचा तरी भरता का तुम्ही?" त्याने जपून विचारलं.

"दुसऱ्याचा रकाना कुणी भरत नाही."

त्याने वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, पेटीत ठेवली, दगड स्वतःच्या हाताने लावले. खिशातून मोबाईल काढून पाहिला.

"इथं नाही लागत," वाटाड्या म्हणाला. "शिखरावर रेंज कधीच नव्हती. खिंडीत लागते."

"कधीच नव्हती?"

"कधीच."

त्याने मोबाईल खिशात ठेवला. बराच वेळ हात खिशातच राहिला.

"काका, एक."

"हो. चला."

मजला १९०

पहिल्याच घंटीला बायकोने फोन उचलला.

"पोचली होती गं," तो म्हणाला. "अकरा चाळीसला. तिच्या हातचं आहे. आणि ऐक, वर फोन लागतच नाही. कुणाचाच."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"अकरा चाळीस," ती म्हणाली. मग, "म्हणजे डबा वरच खाल्ला असेल."

"खाल्ला असेल."

"बसायला जागा आहे का तिथं?"

"आहे. दगड आहेत. छान आहे."

"बरं." तिने नाक ओढलं. "तुम्ही कुठे आहात?"

"खिंडीत. येतोय."

"उगाच घाई करू नका. आणि अहो..."

"काय?"

"खाली उतरलात की सांगा."

फोन बंद झाला. ढग खिंडीच्या एका बाजूने वर यायला लागला होता. पुढचा टप्पा उभा होता. वाटाड्या दहा पावलं उतरून त्याची वाट पाहत थांबला होता. त्याने कॅशियरबाईंची काठी पिशवीला अडकवली. मग शिडीवरून उतरताना करतात तसं तोंड डोंगराकडे केलं, दोन्ही हात दगडावर टेकवले आणि शिखर दिसत होतं तोवर त्याच्याकडे बघत, पाय मागे सोडून खालची पायरी चाचपली.