गोऱ्या बाईची चाल

मी एक जुनी पेटी आहे. वाजवायची पेटी, कपड्यांची नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण हल्ली पोरं माझ्यावर बसून चपला घालतात. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून मी तुम्हाला मित्रांनो म्हणते. तुम्ही माझे मित्र आहात असं मला मुळीच वाटत नाही.

माझं लाकूड इस्लापूरच्या रानातलं सागवान आणि पोटातले सूर, म्हणजे पितळी पात्या, अस्सल जर्मन. नांदेडच्या कारागिरानं मला घडवलं, भाता भरून पाहिला आणि म्हणाला, "गाणाऱ्याचा गळा बसंल, पर ही न्हाई बसायची." मग लोह्याचे साहेबराव मला घेऊन गेले. त्यांची गायन पार्टी होती. ढोलकीला ग्यानोबा, माझ्यावर साहेबराव, आणि मधोमध उभी राहून गाणारी त्यांची बायको नागुबाई. पिक्चरची चाल उचलायची, तिच्यात भीमाचे शब्द बसवायचे आणि जयंतीचं मैदान मारायचं, हा त्यांचा शिरस्ता. लोक म्हणायचे, "पेटी लई गोड हाय." हो, नागुबाईलाही वाखाणायचे. पण माझ्याशिवाय ती काय दिवे लावणार होती?

साहेबरावांना कुणी गुरू नव्हता. ऐकून ऐकून बोटं बसली ती एकाच जागी, काळी पाचवर. ही माझी चांगली उंच पट्टी. गाणं कुठलंही असो, आमची सुरुवात तिथूनच. गाणाऱ्यानं तिथवर चढायचं. नागुबाई तरणी होती तोवर पाखरासारखी चढायची.

पुढं पाऊस रुसला. विहिरी आटल्या आणि नागुबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दगडाची धूळ दिवसभर नाकातोंडात. वयही झालं होतं. आवाज खाली उतरला, जाड झाला. काळी पाचमध्ये वरची ओळ आली की तिचा गळा फाटायचा. समोरची पोरं फिदीफिदी हसायची. मलाही राग यायचा. मी जागची हलले नव्हते, तीच घसरली होती ना?

एकदा ग्यानोबानं तोंड उघडलंच. "वहिनी, राग मानू नका, पर तुमचा गळा गेला. भोकरची एक पोरगी हाय, लई कडक गाती. लातूरचा कार्यक्रम तेवढा तुम्ही करा. तिथं बी आवाज फाटला तर मंग तिला बोलवू."

बायकोची बाजू न घेता साहेबराव माझ्या पट्ट्या पुसत बसले. नागुबाई म्हणाली, "गाणं सोडून मी काय करू, ग्यानोबा? नुस्ती खडीच फोडू का?" आणि उठून गेली. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता नीट गाणारी येईल.

त्याच दिवसांत लोह्याला टीव्ही आला. मेला काचेचा डबा! कापडवाले मन्मथप्पा रविवारी तो दुकानाच्या दारात आणून ठेवायचे आणि अर्धा बाजार समोर गोळा व्हायचा. एका रविवारी कार्यक्रमाहून येताना साहेबरावांनी मला ओट्यावर टेकवलं. नागुबाई खाली मातीत बसली.

डब्यात कुठल्याशा गोऱ्या मुलखातला साधा मंच होता. पिकल्या केसांची एक बाई पुढं आली, डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि गाऊ लागली. पेटी नाही, ढोलकी नाही, काही म्हणजे काही नाही! मित्रांनो, अंगावर धड लुगडं नसताना लग्नाला जावं, तसं ते गाणं मला वाटलं.

"विलायतेतल्या खेड्यापाड्यातली गाणी हायती म्हणं," मन्मथप्पा म्हणाले. "गडीमाणसं, कोळी म्हणायची. बघा की, कानावर हात बी आपल्या शाहिरावानी!"

"अगं बाई," नागुबाई म्हणाली, "ही तं म्हातारी हाय! आन तिला कुणी उठ म्हणून न्हाई राहिलं."

एका अक्षराचा अर्थ कुणाला कळत नव्हता. तरी शेवटच्या ओळीला डब्यातले लोक बाईसोबत गाऊ लागले, तेव्हा ओट्यासमोरची माणसंही गुणगुणली. माझा जळफळाट झाला. परक्या मुलखाच्या बाईचं एवढं कौतुक? माझे सूर जर्मन आहेत, ही गोष्ट निराळी. ते दाम मोजून आणलेले आहेत.

तो कार्यक्रम काही रविवार चालला आणि नागुबाईनं एकही चुकवला नाही. मग टँकरच्या रांगेत तीच चाल, खडी फोडताना तीच चाल. साहेबरावांनी विचारलं, "नागे, कोणत्या पिक्चरची गं ही?" ती नुसती हसली. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता आणि त्याचा वाढदिवस होता. पेंडॉल, हारतुरे, भाषणं. आणि पेंडॉलमागं पाण्याच्या टँकरला घागरींची रांग. एकेक पार्टी पिक्चरच्या चाली वाजवून उतरत होती. आमची पाळी आली. ग्यानोबानं ढोलकी आवळली, साहेबरावांनी काळी पाच दाबली. तेवढ्यात नागुबाईनं माझ्या भात्यावर तळवा ठेवला. माझा श्वासच कोंडला.

"आज पेटी नगं," ती म्हणाली.

"नागे, लोक काय म्हणतील?"

"ऐकतील की."

तिनं डोळे मिटले, हात कानावर ठेवला. आवाज खालून आला, विहिरीच्या तळातून आल्यागत. चाल त्या गोऱ्या बाईची, शब्द हिचे:

"आड गं माझा खोल खोल, दोर पुरंना बाई,
भीमानं खुलं केलं तळं, तळ्यात पाणी न्हाई."

आवाज फाटला नाही. कुठं चिरकला नाही. पुन्हा ती ओळ आली तेव्हा घागरींच्या रांगेतल्या बाया म्हणू लागल्या, मग पुढं बसलेले लोकही, "तळ्यात पाणी न्हाई." पुढाऱ्यांनी माना खाली घातल्या. आणि मी? एवढ्या माणसांत गप्प पडलेली मी एकटीच.

खाली उतरल्यावर ग्यानोबानं ढोलकी खांद्यावरून काढली. "वहिनी, कोणत्या पिक्चरची चाल?"

"पिक्चरची न्हाई. टीव्हीतल्या म्हातारीची."

"भोकरला निरोप धाडतो," तो म्हणाला, "की पोरी, हितं जागा न्हाई."

परत येताना एस.टी.ला वेळ होता. साहेबरावांनी मला बाकड्यावर ठेवलं आणि तिचा सूर शोधू लागले. पांढरी दाबली. जुळेना. शेजारची काळी दाबली, तीही जुळेना. नागुबाई जिथं थांबत होती ती जागा दोन्हींच्या मधे होती, आणि तिथं माझ्याकडं पट्टीच नाही. "नागे, पेटीत सापडंना गं," ते म्हणाले. ती म्हणाली, "मंग मला इचारा की." इतक्या वर्षांत त्यांनी तिला तिचा सूर कधी विचारला नव्हता. त्यांनी मला झाकलं आणि तिच्याकडं तोंड करून बसले.

आता मी कोपऱ्यात आहे. भाता उंदरांनी खाल्लाय. नागुबाई थकली, तरी माणसं येतात, ते गाणं म्हणायला लावतात. ती त्या गोऱ्या बाईबद्दल असं बोलते की जणू शेजारीणच, रविवारी उंबऱ्यात येऊन बसायची. मला ऐकवत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा. भाता शिवा. माझ्यावर बसू नका. गाणाऱ्याला त्याचा सूर आधी विचारावा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा, मी सांगणार नाही. मला जन्मल्यापासून एवढंच शिकवलंय की सूर पेटी देते आणि माणसानं तो घ्यायचा. हे खरं नव्हतं, तर मेल्यांनो, मला कुणी सांगितलं का नाही?