कमळचा आवाज

शिपायाने दुसऱ्यांदा पुकारा केला, तरी दामू तरे जागचा हलला नाही.

"दामू तरे विरुद्ध मंगलघट विवाह मंडळ!"

पुढच्या बाकावरच्या दोघांनी मान वळवून पाहिलं. साठी उलटलेला, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातला माणूस, आणि विवाह मंडळ. त्यातला एक दुसऱ्याच्या कानाशी लागला. रीमाने "हजर" म्हटलं, मांडीवरची पिशवी उचलली आणि सासऱ्याच्या कोपराला हलकेच हात लावला.

भिवंडीच्या कोर्टात त्या शनिवारी लोकअदालत होती. वकील लागत नाही, दोघांना समोरासमोर बसवून मिटवतात, एवढं ऐकून दामू यायला तयार झाला होता. मिटवतात म्हणजे गुपचूप मिटवत असतील, असं त्याला वाटलं होतं. इथे तर एकाच दालनात चार टेबलं लावली होती. वीजबिलवाले, बँकेचे हप्ते थकलेले, भाडेकरू, सगळे एकमेकांचं ऐकत बसले होते.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दापोड्याची जमीन गोदामाखाली गेली, भाडं येत होतं, पण हाताला काम उरलं नव्हतं. मुलगा भावेश ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. तो घरी फक्त झोपायला यायचा. असंच एकदा निजामपुऱ्यात कापडाच्या दुकानावरच्या माडीला लावलेली मंडळाची पाटी दामूला दिसली. दोनदा तो जिन्यापासून मागे फिरला. तिसऱ्यांदा चढला.

मंडळाच्या मालकाने, प्रितेशने, खुर्ची दिली, चहा दिला आणि कमळचा नंबर दिला. गणेशपुरीकडची विधवा बाई, मूलबाळ नाही. मग रोज संध्याकाळी दामू गच्चीवर जाऊन तिच्याशी बोलू लागला. मधूनमधून प्रितेशचा फोन यायचा. स्थळ राखून ठेवायचं, तिच्या भावाशी बोलणी करायची, कारणं वेगवेगळी. दामू पैसे देत गेला. शेवटचे पैसे पोचले आणि कमळचा फोन बंद झाला.

त्यानंतर तो अर्ध्या जेवणातून उठू लागला. रीमाने एकदा सरळच विचारलं, तेव्हा त्याने भिंतीकडे बघत मंडळाचं नाव सांगितलं. पुढचं तिने विचारलं नाही. अर्ज तिनेच लिहिला. भावेशला कळू द्यायचं नाही असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही, पण ते ठरल्यासारखंच होतं.

टेबलामागे निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, शेजारी एक वकील. प्रितेश आधीच येऊन बसला होता. त्याच्यामागे ऑफिसातली एक मुलगी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुम्ही या कमळबाईंना भेटलात कधी?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"न्हाय."

"फोनवर बोलणं व्हायचं?"

दामूने मान हलवली.

"काय बोलायच्या त्या? लग्नाचं काही ठरवलं होतं का?"

दामू सदऱ्याचं बटण चाचपत राहिला. मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं आणि हसू दाबल्याचा आवाज आला.

"मॅडम, मी सांगतो ना," प्रितेश पुढे सरसावला. "काका रोज तास तास बोलायचे. आम्ही सेवा दिली. समोरच्या पार्टीचा विचार बदलला, त्याला मंडळ काय करणार?"

"ती बाई आहे कुठे?"

"त्यांचं लग्न ठरलं दुसरीकडे. आता त्या येत नाहीत. आमच्या मृणालीचं बोलणं झालंय त्यांच्याशी. मृणाली, सांग मॅडमना."

मुलगी पुढे आली. तिची नजर टेबलाच्या कडेवर होती.

"म्हंजे कसंय मॅडम," ती म्हणाली, "कमळताईंना काका आवडले होते. पण घरच्यांनी..."

दामूने झटकन वर पाहिलं. तो किंचित बसका स्वर, वाक्याच्या सुरुवातीचं ते 'म्हंजे कसंय', मधेच श्वास घ्यायची ती लकब. कितीतरी संध्याकाळी त्याने हाच आवाज कानाशी धरला होता. समोर उभी होती ती विशी-बाविशीची, रीमाहूनही लहान पोर.

मुलगी बोलायची थांबली. त्याने ओळखलं, हे तिला कळलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"तरे, तुम्हाला यावर काही म्हणायचंय?"

एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यामागून बाकीचं सगळं आलं असतं. काय बोलायचात, ही काय विचारायची, तुम्ही काय सांगायचात. दामूच्या कानशिलांवरून घाम ओघळला. त्याने तो पुसला नाही.

"न्हाय," तो म्हणाला. "माझं काय म्हणणं न्हाय."

न्यायाधीश बाई क्षणभर त्याच्याकडे, मग मुलीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी प्रितेशला फैलावर घेतलं. तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेली तर व्याजासकट भरावं लागेल, असं सुनावलं. प्रितेश अर्धे पैसे परत द्यायला तयार झाला.

"आणखी लढायचं असेल तर तुमचा हक्क आहे," वकील दामूला म्हणाले.

"अर्धे बास," दामू म्हणाला आणि सहीसाठी पेन मागितलं.

बाहेर येऊन रीमाने रिक्षा थांबवली. कल्याण नाक्याच्या गर्दीत रिक्षा अडकली. पुढे कंटेनर, मागे टेम्पो, सगळे हॉर्न वाजवत होते. रीमा रस्त्याकडे बघत म्हणाली,

"तीच होती ना?"

दामू पुढच्या कंटेनरकडे बघत राहिला.

"मी आवाज ओळखला, बाबा."

"तू?" तो तिच्याकडे वळला. "तू कसा ओळखला?"

"तुम्ही फोन स्पीकरवर ठेवायचात. तुम्हाला ते कळत नव्हतं बहुतेक. मी गच्चीच्या जिन्यात कपडे घेऊन उभी असायचे. वर येता यायचं नाही."

कंटेनर हलला. रिक्षा थोडी पुढे सरकून पुन्हा थांबली. दामू आपल्या तळहातांकडे बघत होता. तो कमळला काय काय बोलला होता ते एकेक करून त्याला आठवत होतं. घरात भिंतीशी बोलावं तसं वाटतं. सून ताट ठेवते आणि निघून जाते, कधी दोन शब्द नाहीत. मी गेलो तरी चार दिवस कुणाला कळायचं नाही.

"रीमा," तो म्हणाला, "तुझ्याबद्दल मी जे बोललो तिला, ते..."

"तेही ऐकलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने पिशवीचे बंद घट्ट धरले होते.

"म्हणून तर आले मी आज," ती म्हणाली.

वाहतूक सुटली. तिच्या बाजूने ऊन येत होतं. दामूने खिशातला रुमाल काढला आणि डोक्यावर घ्यायला म्हणून तिच्या दिशेने धरला. ती बघेपर्यंत तसाच धरून ठेवला.