वहिनींचे चार सेकंद

"शून्य," टीमचे कॅप्टन असलेल्या भाऊजींनी गेमच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "वहिनी, अख्ख्या स्पर्धेत तुम्ही एकही जहाज फोडलं नाही. रविवारी फायनलला तुमच्या खुर्चीत आपला राखीव गडी लंब्या बसेल."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोडणार कशा? गेममधल्या त्यांच्या जहाजावर डिसरप्टर होता, आणि तो काही फोडत नाही. तो शत्रूच्या जहाजाची ढाल बंद पाडतो, तीही मोजून चार सेकंद. तेवढ्यात टीममधल्या बाकी तिघांची क्षेपणास्त्रं पोचली तर ठीक, नाहीतर सगळं मुसळ केरात. समोर गुरगुरणाऱ्याला सोडून मागे इतरांची दुरुस्ती करत बसलेल्या जहाजाला आधी गाठायचं, ही अक्कलही त्यांचीच. दिवसभर एक्स-रेच्या खोलीत "श्वास धरा, सोडा" सांगायची सवय, तेच इथे चालायचं. "धरा" म्हटलं की तिघांनी नेम धरायचा, "सोडा" म्हटलं की क्षेपणास्त्रं सोडायची. ती पोचता पोचता वहिनी ढाल पाडायच्या. अशी तेवीस जहाजं भाऊजींच्या नावावर लागली होती, आणि हा माणूस नसलेल्या मिशांना पीळ देत होता.

शनिवारी दुपारी गेमिंग कॅफेत सराव झाला. लंब्याने दिसेल त्याच्यावर डिसरप्टर मारला. ढाली पडल्या, परत उभ्या राहिल्या, मग क्षेपणास्त्रं पोचली. तीन डाव, तिन्ही हरले.

"वहिनी, एक काम करा," भाऊजी घाम पुसत म्हणाले. "तुम्ही मागे उभ्या राहा आणि फक्त ते 'धरा, सोडा' म्हणा. कधी मारायचं ते लंब्याला कळेल."

म्हणजे नाव नको, खुर्ची नको, आवाज तेवढा हवा. आणि वर यात आपलं काही चुकतंय असं त्या बाबाच्या गावीही नव्हतं.  वहिनी पर्स खांद्याला लावून खुर्च्यांमागे उभ्या राहिल्या. चौथा डाव सुरू झाला. शत्रूचं दुरुस्तीचं जहाज टप्प्यात आलं.

"श्वास धरा," वहिनी म्हणाल्या.

चौघांनी धरला. बोटं बटणांवर, गाल फुगलेले. जहाज समोरून सावकाश निघून गेलं. मग एकेक करून त्यांचीच जहाजं फुटली.

"वहिनी, सोडा म्हणा ना," भाऊजींचा चेहरा लाल झाला होता.

"ते मी बसून म्हणते, भाऊजी."

 शेवटी लंब्याच उठला आणि त्याने खुर्ची मागे ओढून धरली.