दिसत नाही आणि नाही

आकाश इतकं लख्ख निळं होतं, की वैमानिकाचं डोकंच फिरलं. आग ओकणारा डोंगर कुठे समुद्रापलीकडे, आणि त्याच्या राखेच्या धाकानं विमानं इथं हातपाय गाळून उभी. दुपारी दूरच्या शहरात त्याच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. तिथं जाणारं पहिलं विमान तोच नेणार होता. फक्त हवामान कक्षाचा होकार हवा होता, आणि तो देणारी होती त्याची सख्खी धाकटी बहीण.

"उपग्रहाच्या चित्रात राख दिसत नाही, असं तुझ्याच माणसांनी लिहिलंय," तो म्हणाला.

"दिसत नाही लिहिलंय, दादा. नाही असं नाही लिहिलेलं."

"शब्दांचा कीस काढू नकोस."

"वाटेत ढगांचा थर आहे. खाली राख असली तर वरून कशी दिसेल? इंजिनात वितळून बसली तर काय करशील, उतरून ढकलशील?"

बाईसाहेब लहानपणापासून अशाच. हरवलेला मोजा शोधायला पाठवलं, तर "अजून दिसला नाही" म्हणून पुन्हा पलंगाखाली शिरायच्या. त्याला एरवी याचं कौतुकच होतं. आज मात्र तो नको ते बोलून गेला, "आई काय माझ्या एकट्याचीच आहे?"

मोजमापाचं छोटं विमान तिनं त्या थराच्या नुसत्या कडेपर्यंत पाठवलं. ते परतलं तेव्हा त्याच्या गाळणीवर करडी भुकटी बसली होती. ती बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. याच वाटेनं तो भरलेलं विमान नेणार होता.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला, गाळणी स्वच्छ आली. तिनं स्वतः "राख नाही" असं लिहून दिलं, आणि त्यानं बिनघोर उड्डाण केलं.

ऑपरेशन नीट पार पडलं होतं. आईनं त्याचा हात घट्ट धरला.

"काल आत नेण्याआधी मी तिला फोनवर खूप गळ घातली. म्हटलं, दादाला सोड गं, पुन्हा भेट होते न होते. नाहीच म्हणाली. मी रागानं फोन ठेवला."

बहिणीनं हे त्याला सांगितलंच नव्हतं. आईलाही नकार देऊन, वर त्याचे टोमणे खाऊन ती आपलं काम करत राहिली होती. एवढी हिंमत आपल्यात नाही, हे त्यानं मनोमन कबूल केलं.

"लाव तिला फोन," आई म्हणाली.

त्यानं लावला, पण आईच्या हाती देण्याआधी स्वतःच बोलला, "आई बरी आहे. आणि मी चुकलो गं."

पलीकडे बहीण ओक्साबोक्शी रडत होती.