सायवनची नसलेली कुऱ्हाड

डहाणूच्या एका चिकूवाडीत, जुन्या बंगल्यात छोटं वस्तुसंग्रहालय आहे. जवळच्या सायवन गावची सरिता तिथं काचा पुसते, आलेल्यांना खोल्या दाखवते. लोक सगळ्यात जास्त थांबतात ते एका कुऱ्हाडीपाशी. पातं तळहाताएवढं, दांड्याला पितळी तारेचे वेढे आणि पात्याच्या पाठीवर चिलमीसारखी वाटी. खाली पाटी : ‘वारली कुऱ्हाड, सायवन’.

पहिल्याच आठवड्यात एका बाईनं विचारलं, “तुमच्या घरी आहे अशी?” सरिता ‘हो’ म्हणून गेली. नवी नोकरी, छापलेली पाटी. नाही कसं म्हणणार? पण अशी कुऱ्हाड तिनं जन्मात पाहिली नव्हती. लोक विचारत राहिले, ती सांगत राहिली. पुढे तर ‘माझा आजा हिच्यातून तंबाखू ओढायचा’ असंही सांगू लागली. कुणी नुसतं सायवनचं नाव घेतलं तरी ती दचके.

शेवटी एका रविवारी तिनं बापाला, हिरूला, जीपमध्ये बसवून आणलं. कुऱ्हाडींना दांडे बसवण्यात त्याची हयात गेलेली. त्यानं काचेला नाक लावलं.

“दांडा पोकळ हाय. ओढायची कुऱ्हाड ही. खैरावर दोन घाव घातलेस तर फाटंल. आपली नाय, पोरी.”

“मी लोकांना सांगितलं बा, आजाची होती म्हणून.”

हिरू हसला नाही. “कुणाच्या तरी आजाची असंलच. त्याला उठवून तू माझ्या बापाला बसवलंस.”

सोमवारी सरितानं संग्रहालय चालवणाऱ्या दक्षाबेनना सगळं सांगून टाकलं. त्या वैतागल्या. “अगं, आपल्या पत्रकावर त्या कुऱ्हाडीचाच फोटो छापलाय!”

“मग मला दुसऱ्या खोलीत ठेवा, बेन. त्या कुऱ्हाडीपाशी उभं राहून मी आता बोलणार नाही.”

दक्षाबेन दोन दिवस जुनी दफ्तरं उपसत बसल्या. बंगल्याच्या मूळ मालकानं ती कुऱ्हाड अमेरिकेतून आणली होती. सामान हलवताना कुणीतरी भलतीच पाटी लावली होती. पाटी त्याच दुपारी निघाली आणि फोटो अमेरिकेला गेले. ज्यांच्या पूर्वजांची ती असावी, त्या तिथल्या आदिवासींपर्यंत ते पोचले. थंडीत त्यांच्यातली एक म्हातारी नातवाला घेऊन आली.

सरिता सकाळपासून दारात ये-जा करत होती. म्हातारी येताच दक्षाबेनना म्हणाली, “मी काय सांगत होते, ते त्यांना सांगा.”

दक्षाबेननी इंग्रजीत सांगितलं. म्हातारी सरिताकडे वळली. मग तिनं काहीतरी विचारलं.

“तुझ्या आजाचं नाव विचारतायत,” दक्षाबेन म्हणाल्या.

“काळ्या,” सरिता म्हणाली. तिला रडू फुटलं.

म्हातारीनं ते नाव दोनदा घोळवून नीट म्हटलं. मग काचेकडे बोट केलं. रडता रडता सरिताला काचेच्या पेटीच्या कुलपाचं भोक सापडेना. दक्षाबेननीच कुलूप काढलं.